खारेपाटातल्या भाताचं एक अक्षर खोडलं तर

4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. आठवडाभरात ती बातमी आमच्या नानाकाकांच्या मोबाइलवर पोचली, आणि तिथून मोबाइलसकट माझ्या हातात. "वाच जरा. यात आपल्या खाराचं कायतरी हाय."

नानांची दोन एकर जमीन रायगडातल्या धरमतर खाडीच्या अंगाला आहे. उधाणाचं पाणी बांधावरून आत आलं की नाना खाचरात उतरतात, बोट बुडवून जिभेला लावतात, थुंकतात आणि सांगतात, "अजून दोन पाऊस पायजेत." क्षार मोजायचं त्यांचं यंत्र ते एवढंच. बातमीत जीनोम एडिटिंग होतं, एसडीएन-1 होतं, डीएसटी होतं. मी सगळं वाचून दाखवलं. नानांनी मान डोलावत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मंग आता बांद नको बांदायला?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख, जरा मुळापासून.

पाण्यात उभं राहून तहान

आधी खाराचं बघू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी जमतं आणि फोडी मऊ पडतात. मिठानं कैरीतलं पाणी बाहेर ओढलेलं असतं. खारट मातीत भाताच्या मुळाचं असंच होतं. भोवती घोटाभर पाणी, पण मुळाला ते ओढून घेता येत नाही. भर समुद्रात होडीतलं गोडं पाणी संपलं की जशी गत होते, तशी. म्हणून खार हा भातासाठी एक प्रकारचा दुष्काळच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसरी इजा सोडियमची. तो मुळातून पानात चढतो, साचतो आणि पानाचे शेंडे जळाल्यासारखे होतात.

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खारट पट्ट्यात, हे दोनदा घडतं. एकदा जूनमध्ये, उन्हाळ्यात वर आलेला पांढरा थर पावसानं धुऊन निघायच्या आधी रोप कोवळं असतं तेव्हा. दुसऱ्यांदा हस्त नक्षत्राचा पाऊस दगा देतो तेव्हा. खाचर आटतं, खालचा खार वर येतो आणि लोंबी नेमकी फुलोऱ्यात असते. भात खाराला सगळ्यात हळवा असतो तो या दोनच वेळी.

यावर आपल्याकडे उपाय नव्हते असं नाही. मातीचे बांध, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला पाणी सोडणारी उघाडी, आणि हे सगळं गावानं मिळून राखायची शिलोत्रीची रीत. बियाण्याच्या बाजूनं राता होता. काळा राता, भुरा राता हे भात खारात तग धरायचे. कुणी तरी पिढ्यान् पिढ्या, जिथं बाकीचं करपलं तिथं उभी राहिलेली लोंबी वेगळी काढून ठेवली, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-1, 2, 3 असे वाण दिले. हे केंद्र आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. म्हणजे खार सोसणारा भात ही कोकणाला नवी गोष्ट नाही. तो तयार करायची रीत नवी आहे.

पत्त्याची चिठ्ठी आणि कात्री

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याची घडण लिहिलेली असते. लिपी चारच अक्षरांची, मजकूर मात्र अवाढव्य. भाताचा मजकूर सुमारे 40 कोटी अक्षरांचा आहे. एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर दोन लाख पानं. या सगळ्या मजकुराला जनुकसंच म्हणतात आणि त्यातल्या एका कामाच्या सूचनेला जनुक. जनुक संपादन म्हणजे या दोन लाख पानांत नेमक्या एका जागी जाऊन तिथली अक्षरं बदलणं. जीनोम एडिटिंग म्हणतात ते हेच.

अवघड भाग आहे ती जागा सापडणं. सातबाऱ्यात नाव दुरुस्त करायला गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तलाठ्याकडे गट नंबर घेऊन गेलात तरच काम पुढे सरकतं. इथं गट नंबरचं काम करते वीसेक अक्षरांची एक छोटी चिठ्ठी. ती शास्त्रज्ञ हव्या त्या मजकुराप्रमाणे बनवतात. चिठ्ठीसोबत असतं कॅस-9 नावाचं प्रथिन, म्हणजे कात्री. जोडी मजकूर चाळत जाते, चिठ्ठी जिथं जुळते तिथं थांबते आणि कात्री चालवते.

ही जोडी कुणी प्रयोगशाळेत शून्यातून घडवलेली नाही. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. एकदा येऊन गेलेल्या विषाणूचा तुकडा जिवाणू आपल्याजवळ जपून ठेवतात आणि तोच पुन्हा आला की त्याच्यावर कात्री चालवतात. क्रिस्पर नावाची ही व्यवस्था आपल्याला हव्या त्या जागी वळवता येते, हे एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये दाखवलं. 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

खरं संपादन होतं ते कापल्यानंतर. पेशी घाईघाईनं चीर सांधते. फाटलेलं जाळं अंधारात सांधताना एखादा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, कमी-जास्त व्हावा, तसं एखादं अक्षर गळतं किंवा वाढतं. सूचना बिघडते आणि ते जनुक मुकं होतं. बातमीतलं एसडीएन-1 म्हणजे एवढंच. (शीर्षकात मी सोयीसाठी "एक अक्षर" म्हटलंय. प्रत्यक्षात कधी शेकडो अक्षरंही जातात.) सांधताना पेशीला छोटा नमुना पुरवून हवा तसा बदल करून घेतला तर ते एसडीएन-2. आणि त्या जागी बाहेरचं अख्खं जनुक बसवलं तर एसडीएन-3. हा फरक पुढे कायद्याबद्दल बोलताना लागणार आहे.

बिघडवून चांगलं कसं होतं?

इथं कुणीही अडेल. एखादी गोष्ट मोडून पीक सुधारेल कसं?

डीएसटी हे नाव दुष्काळ आणि क्षार सोसण्याच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय आणि ते चांगलंच फसवं आहे. हे जनुक खार सोसायला मदत करत नाही, ते आड येतं. 2009 मध्ये चिनी शास्त्रज्ञांना ते सापडलं. पानावर सूक्ष्म खिडक्या असतात, पर्णरंध्रं. त्यांतून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. डीएसटी या खिडक्या उघड्या राहतील असं बघतं. सगळं सुरळीत असताना हे ठीक आहे. पण खारात, मुळाला पाणी ओढताना नाकी नऊ आलेले असताना, वरच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असणं परवडत नाही. डीएसटी मुकं केलं की खिडक्या कमी तयार होतात आणि वेळेत मिटतात. पानातलं पाणी टिकतं. खार हा एक दुष्काळच असतो असं वर म्हटलं, ते याचसाठी. एकच युक्ती दोन्हीकडे चालते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं हेच एमटीयू-1010 या आंध्रातल्या लोकप्रिय वाणात केलं आणि त्याला पुसा डीएसटी राइस-1 असं नाव दिलं. खारवट आणि चोपण जमिनीत मूळ वाणापेक्षा 9.66 ते 30.4 टक्के जास्त उत्पादन, असं सरकारी निवेदन सांगतं. दुसरा वाण कमला. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनं तो सांबा मसुरीपासून काढलाय. त्यात लोंबीत दाणे वाढतात आणि पीक वीसेक दिवस लवकर येतं. त्याचा खाराशी संबंध नाही, म्हणून इथं त्याला सोडतो.

साखरेचा नळ आणि कडा करपा

रोगांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी रंगतदार आहे. कडा करपा कोकणातल्या शेतकऱ्याला ओळखीचा आहे. वादळी पाऊस होतो, युरिया जरा सढळ हातानं पडलेला असतो, आणि पानं कडेनं पिवळी पडून वाळत आत सरकतात. हा एका जिवाणूचा रोग आहे. जिवाणूवर औषध फारसं चालत नाही.

हा जिवाणू काय करतो? भातात साखर एका पेशीतून बाहेर सोडणारे नळ असतात. त्यांच्या जनुकांना स्वीट म्हणतात. जिवाणू पानात शिरला की आपलं एक प्रथिन आत ढकलतो. ते प्रथिन नळाच्या जनुकाच्या अगदी सुरुवातीच्या अक्षरांवर जाऊन बसतं आणि नळ सोडतं. साखर बाहेर पाझरते आणि जिवाणूची मेजवानी सुरू होते. चोरानं कुलूप फोडलेलंच नाही. त्याच्याकडे आपल्याच घराची बनावट किल्ली आहे.

मग संशोधकांनी कुलपाचा खाचा बदलला. नळ तसाच ठेवला, कारण रोपाला तो लागतो. फक्त जिवाणूचं प्रथिन जिथं बसतं ती अक्षरं बदलली. रोप नळ आधीसारखा वापरतं, चोराची किल्ली मात्र फिरत नाही. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या एका गटानं आयआर-64 सारख्या प्रसिद्ध वाणात हे करून दाखवलं. जिवाणूंकडे वेगवेगळ्या किल्ल्या असतात, म्हणून त्यांनी तीन नळांच्या खाचा एकदमच बदलल्या.

चोर उद्या नवी किल्ली घडवणार नाही का? घडवेल. जिवाणू वर्षात असंख्य पिढ्या काढतो. कुठलाही रोगप्रतिकारक वाण कायमचा नसतो, हा जुन्या पद्धतीच्या वाणांचाही अनुभव आहे. फरक वेळेचा आहे. संकरातून नवं कुलूप घडवायला आठ-दहा वर्षं सहज जातात, संपादनात ती बरीच वाचतात.

मग हापूसला का नाही?

रत्नागिरी-देवगडकडचे वाचक हे विचारणारच. भुरीनं मोहोर पांढरा झाला की फवारणीवर किती पैसे जातात ते बागायतदारालाच माहीत.

हापूसच्या बाबतीत संपादनाची कल्पना खरं तर भातापेक्षा जास्त पटते. हापूसचा संकर केला की तो हापूस उरत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठानं रत्ना काढला. चांगला आंबा आहे, साका (गर आतून पांढरट, खराब होणं) नाही. पण बाजारात तो रत्ना म्हणून विकला जातो, हापूस म्हणून नाही. संकरात दोन्हीकडची पानं पिसली जातात आणि हापूसचा हापूसपणाही त्यात विखुरतो. संपादनात बाकीचा मजकूर जागच्या जागी राहतो. भुरीला आत घेणारं एमएलओ नावाचं जनुक बऱ्याच पिकांत आहे. बार्लीत ते निसर्गतःच बिघडलेली झाडं सापडली आणि युरोपात ती वापरातही आली. गव्हात ते संपादनानं मुकं केलं गेलंय.

अडचण वेगळीच आहे. संपादन होतं एका पेशीत, आणि त्या एका पेशीपासून अख्खं झाड उभं करावं लागतं. भातात ही कला बसली आहे. आंब्याची पेशी या बाबतीत भलती हट्टी. शिवाय बाठ्यापासून वाढलेल्या झाडाला फळ धरायलाच सहा-सात वर्षं लागतात. तेव्हा हापूसवाल्यांनी घाई करू नये. तूर्तास फवारणीचं वेळापत्रक सांभाळावं.

हे जीएमच ना, नाव बदललेलं?

नाही, पण ज्यांना हा संशय येतो त्यांना मी वेडगळ म्हणणार नाही. जीएम पिकात बाहेरच्या सजीवाचं जनुक घातलेलं असतं. बीटी कापसात ते मातीतल्या एका जिवाणूचं आहे. म्हणजे सातबाऱ्यावर बाहेरच्या माणसाचं नाव चढलंय. एसडीएन-1 आणि 2 मध्ये आहे त्याच मजकुरात खाडाखोड होते. असे बदल निसर्गातही होत असतात. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र किरणं मारून बियाण्यात असेच बदल, तेही आंधळेपणानं, कित्येक दशकं घडवतंय. टीएजी-24 भुईमूग त्यातूनच आला आणि आपण तो बिनबोभाट खाल्ला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. संपादन करताना बऱ्याचदा कात्रीचं जनुक, म्हणजे बाहेरचा मजकूर, काही काळ रोपात घातलाच जातो. स्लॅब भरताना सेंट्रिंग लावतात तसा. स्लॅब सुकला की सेंट्रिंग काढतात. इथं पुढच्या पिढ्यांत कात्री नसलेली, पण बदल टिकलेली रोपं निवडून घेतात. सेंट्रिंग खरंच पूर्ण निघालं का हे तपासणं, हीच सुरक्षिततेची मुख्य पायरी आहे.

भारतात 30 मार्च 2022 रोजी पर्यावरण मंत्रालयानं एसडीएन-1 आणि 2 प्रकारच्या, बाहेरचं जनुक न उरलेल्या पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. बीटी वांगं 2010 मध्ये ज्या टप्प्यावर अडकलं, तो टप्पा या भाताला लागला नाही. माझं मत विचाराल तर सूट योग्य आहे. पण पिशवीवर "संपादित वाण" असं छापायला काय हरकत होती? लपवल्यासारखं वाटलं की चांगल्या गोष्टीवरही माणूस संशय घेतो.

कात्री चुकीच्या जागी चालली तर?

गावात एकाच नावाचे दोन पांडुरंग पाटील असले की नोटीस भलत्याच घरी जाते. तसं, चिठ्ठीशी जवळपास जुळणारा मजकूर दुसरीकडे असला तर कात्री तिथंही चालू शकते. म्हणून आधी संगणकावर सगळा मजकूर धुंडाळून शक्यतो एकमेव ठरेल असा पत्ता निवडतात आणि नंतर रोपाचा मजकूर वाचून खात्री करतात. चुका शून्य होतात असं नाही. पण किरणं मारण्याच्या मानानं हे बरंच नेमकं आहे.

मला त्याहून रास्त वाटतो तो आक्षेप असा: डीएसटी इतकं अडचणीचं असेल तर निसर्गानं ते आजवर ठेवलं कशाला? खिडक्यांमुळे पान थंडही राहतं आणि हवाही मिळते. खिडक्या कमी केल्याची किंमत एखाद्या कडक उन्हाच्या वर्षी चुकवावी लागेल का, हे शेतातच कळेल, आणि अनेक हंगामांनी कळेल. जीएम-विरोधी संघटनांनी 2025 मध्ये या वाणाच्या चाचण्यांच्या आकड्यांवर थेट आक्षेप घेतला आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेनं तो फेटाळला. आरोप आणि खुलासा यांपेक्षा मला जागोजागचे कच्चे आकडे सगळ्यांसमोर आलेले आवडतील.

बियाणं कुणाचं?

भात स्वतःच स्वतःचं परागण करतो, त्यामुळे घरचं बियाणं राखता येतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क आहे. ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही. हे दोन्ही वाण सरकारी संस्थांचे आहेत. पेच आहे तो कात्रीचा. क्रिस्पर-कॅस-9 चे पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत, आणि धंद्यासाठी वापरायचं तर त्यांच्याशी व्यवहार करावा लागतो. कटकच्या तांदूळ संशोधन संस्थेत टीएनपीबी नावाची वेगळी, आकारानं छोटी कात्री भातात चालवून दाखवली गेलीय. आपल्या दृष्टीनं ती बातमी या दोन वाणांइतकीच मोठी होती, पण तिच्यावर कुणी फॉरवर्ड पाठवले नाहीत.

आता नानांचा प्रश्न

पुसा डीएसटी राइस-1 च्या शिफारशीच्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. गंमत अशी की आपण ज्या विभागात आहोत त्यात सोबतीला छत्तीसगड आणि मध्य प्रदेश आहेत. दोघांनाही समुद्र नाही. महाराष्ट्रात चाचणी म्हणजे खारेपाटात चाचणी असं धरून चालता येणार नाही. त्यात एमटीयू-1010 हा लांबट बारीक दाण्याचा, आंध्राच्या पसंतीचा तांदूळ. नानींची भाकरी त्याची थापली जाईल का, हा प्रश्न आमच्या घरात उत्पादनाच्या टक्क्यांइतकाच महत्त्वाचा आहे. मला विचाराल तर ही कात्री पनवेल-3 किंवा रात्यावर चालायला हवी. तो आधीच थोडा खार सोसतो, त्याच्या वर ही युक्ती.

आणि बांध? संपादित भात थोडा जास्त खार सोसतो. तो खारफुटी नाही. बांधाला खांड पडून खाडीचं पाणी दिवसाला दोनदा खाचरात ये-जा करायला लागलं तर तिथं दोन वर्षांत तिवरं उगवतात आणि कुठलाच भात उगवत नाही. आमच्या शेजारच्या पट्ट्यात हे झालंय. तिथं आता बगळे दिसतात.

हे सगळं मी नानांना सांगितलं. पैदासकार बियाणं, मग पायाभूत, मग प्रमाणित, असं होत पिशवी आपल्यापर्यंत यायला वेळ लागेल, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पिशवी आलीच तर उघाडीजवळच्या दोन वाफ्यांत रहू पेरायचा, मोड आणून. एकात नवा, एकात पनवेल-3.

"त्याच वाफ्यांत का?" मी विचारलं.

"तितं गेल्या साली राता पन मेला."